खालून केलेला नमस्कार

मी तोंडानं फटकळ आहे, हे आमच्या नाटकमंडळींत सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर दुकानात बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो, संध्याकाळी नाटक बसवतो आणि दोन्हीकडे ओरडतो. कागदावर मात्र मी एकदम सोज्वळ होतो. त्यामुळे नाट्यगृहाच्या दुरुस्तीसाठी मदतीचा अर्ज आला आणि त्यात 'आपलं नाट्यगृह सर्वांसाठी खुलं राहावं म्हणून आपण काय करणार?' असा रकाना निघाला, तेव्हा तो मीच भरायचा हे कुणी न सांगता ठरलं.

नाट्यगृह म्हणजे फार काही नाही. जुन्नरच्या अलीकडे, टेकाच्या उतारावर, पूर्वी कांद्या-बटाट्याची पोती ठेवायचं एक गोदाम होतं. आम्ही पत्रे बदलले, खुर्च्या आणल्या आणि मागच्या भिंतीला धरून रंगमंच बांधला. बाहेरून आत यायला तीन पायऱ्या होत्या, आणि आतून रंगमंचावर जायला एक लाकडी जिना. जिना कसला, शिडीच ती.

मी दोन रात्री खपून लिहिलं. पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी दाराशी उतार करू. ऐकायला कमी येतं त्यांना पुढची रांग देऊ. ज्यांना दिसत नाही त्यांच्या शेजारी बसून प्रसंग सांगायला एक माणूस ठेवू. डोंगराकडच्या वाड्यांवरून येणाऱ्यांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून प्रयोग दुपारी लावू. लिहून झाल्यावर मलाच गहिवरून आलं. मग मी तो मजकूर फलकावर रंगवून घेतला आणि दाराशी लावला. गवंड्याला बोलावून उतारही करून घेतला.

तो उतार आधी कुणी वापरून बघायचा, याबद्दल दुमत नव्हतं. आमच्या कपडेपटाच्या ताईंनी.

ताई पिंपरी पेंढारच्या. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. हातानं फिरवायच्या मशीनवर त्यांनी आमच्या वीसेक वर्षांच्या सगळ्या नाटकांचे कपडे शिवले. राजाचा अंगरखा, फौजदाराचा खाकी सदरा, एकदा तर वाघाचं कातडंसुद्धा. पूर्वी कुबड्यांवर त्या तीन पायऱ्या भिंतीला धरून चढायच्या. गेल्या दोन वर्षांत हातांतलं बळही कमी झालं, चाकाची खुर्ची आली आणि त्यांचं नाट्यगृहात येणं थांबलं. मापं मीच घेऊन जायचो, कपडे मीच घेऊन यायचो. खरं सांगायचं तर मला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं. मी ओरडलो की 'भाऊ, पाणी प्या आदी' म्हणणारं दुसरं कुणी मंडळींत नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी, त्या नाटकाला ज्यानं ज्यानं हात लावला तो रंगमंचावर जातो, फळ्यांना डोकं टेकवतो, आणि मग नारळ फुटतो. नट, पेटीवाला, पडदा ओढणारा, चहा करणारा, सगळे. ताई मात्र कधी वर आल्या नाहीत. त्या खाली उभ्या राहून रंगमंचाच्या कडेवर हात ठेवायच्या आणि तो कपाळाला लावायच्या. मला त्याचं फार अप्रूप होतं. एका समारंभात मी माइकवरून सांगितलंसुद्धा, "आमच्या ताईंची श्रद्धा बघा, रंगभूमीवर पाय ठेवत नाहीत, खालूनच नमस्कार करतात." टाळ्या पडल्या होत्या. ताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, लाजल्या.

तर उतार बघायला ताई आपल्या स्कूटरवरून आल्या, तिला मागं दोन जादा चाकं लावलेली. लोणी गावचा आमचा एक नट आहे, नेहमी खलनायक करतो आणि माणूस लोण्यासारखा मऊ आहे. त्यानं त्यांची खुर्ची टेम्पोतून आणली होती. ताईंनी आधी फलक वाचला. शांतपणे, पुरता. मग उताराकडे बघितलं आणि पिशवीतून शिवणाची टेप काढली.

"भाऊ, दीड फूट उंचीला तुमी सा फूट उतार दिलाय. ह्याच्यावर पोतं ढकलत्यात, माणूस न्हाई."

गवंडी पूर्वीच्या गोदामाचाच होता, त्याचा काय दोष? तो उतार तोडून तिप्पट लांब केला. आठ दिवसांनी ताई पुन्हा आल्या, आणि या वेळी कुणाचा हात न लागता आत आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या तशाच सरळ रंगमंचापर्यंत गेल्या. पुन्हा टेप निघाली.

"साडेतीन फूट," त्या म्हणाल्या आणि टेप गुंडाळत राहिल्या. "भाऊ, फलक लई झ्याक लिवलाय. बघणाऱ्यांचं समदं हाय त्यात. करणाऱ्यांचं कुठं हाय?"

मला पटकन कळलंच नाही. मी म्हणालो, "ताई, पण तुम्ही तर वर येतच नाही ना?"

"त्या शिडीनं कशी येऊ?"

वीस वर्षं. मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत?"

"तुमी माइकवर इतकं ग्वाड बोलला. त्याच्यावर काय बोलायचं? आन बोलले असते तर चौघांनी उचलली असती."

खलनायक लगेच पुढे झाला. "मग उचलतो की, ताई! आमी कशाला हाय? फुलावानी नेतो."

"फुलाला कुणी इचारतंय का?" ताई म्हणाल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "शाळेत उचलून न्यायचे मला. लगनात उचलायचे, देवळात उचलायचे. वझरच्या गणपतीला गेले तर समदे देवाकडं बगायचं सोडून माझ्याकडं बगायचे. उचललेल्या माणसाला आपले हात कुठं ठेवावं त्ये कळत न्हाई, भाऊ. माझी एवढीच विच्छा हाय. एकदा तरी वर जायाचं, पण आपलं आपुन."

बैठक बसली. साडेतीन फुटांना, फुटाला बारा या ताईंच्या टेपच्या हिशेबानं, बेचाळीस फूट उतार लागत होता. म्हणजे खुर्च्यांच्या निम्म्या रांगा गेल्या. 'पुढच्या वर्षी बघू' असं एक म्हणाला, 'उचलूच, त्यांची समजूत घालू' असं तिघे म्हणाले. सगळी माणसं मायेनंच बोलत होती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी टेबलावर हात आपटून म्हणालो की ताई वर गेल्याशिवाय या नाटकाचा नारळ फुटणार नाही. कसं, ते मला माहीत नव्हतं. प्रयोगाला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ताई नटांना कपडे घालून बघायला आल्या. ऊन होतं म्हणून त्यांनी स्कूटर टेकावरून फिरवून मागच्या लिंबाखाली लावली. मी खुर्ची घेऊन तिकडे गेलो, तर त्या स्कूटरवरच बसून भिंतीकडे बघत होत्या.

"भाऊ, ह्ये दार कशाचं?"

"पोती आत घ्यायचं. जुनं आहे. बंदच असतं."

"आत कुठं निघतं?"

"रंगमंचावर," मी म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

टेकाचा चढ मागच्या बाजूला इतका वर आला होता की दाराचा उंबरा जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंच होता. रंगमंच आम्ही त्या उंबऱ्याच्याच पातळीला बांधला होता. पोती त्याच दारानं यायची. माणसांसाठी ते दार उघडायचं आम्हाला सुचलं नाही, कारण आतून त्याला टेकवून आमचे जुने रंगवलेले पडदे आणि चौकटी रचल्या होत्या. राजवाडा, पोलीस चौकी आणि सगळ्यांत पुढे एक जंगल. ते जंगल मी स्वतः रंगवलं होतं.

आणि लाज वाटते, पण लिहितो. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मग ते जंगल ठेवायचं कुठं?"

ताईंनी माझ्याकडे मान वळवली. नुसत्या बघत राहिल्या. मला आयुष्यात इतकं कुणी रागावलं नसेल. त्याच दुपारी मी आणि खलनायकानं जंगल बाहेर काढलं आणि ते माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये गेलं. राजवाडा चहावाल्यानं आडोशाला नेला. कडीकोयंडा गंजला होता, तो तोडला. गवंड्यानं उंबऱ्याला अडीच हाताचा छोटा उतार दिला आणि या वेळी ताईंची टेप आधी मागून घेतली. सगळं मिळून दोन दिवसांचं काम. हे आम्ही वीस वर्षं केलं नव्हतं.

प्रयोगाच्या दुपारी मंडळी रंगमंचावर जमली. वाड्यांवरची माणसं एसटीनं आली होती, पुढच्या दाराशी गर्दी होती. मागचं दार उघडं होतं, त्यातून फळ्यांवर उजेड आला होता. ताई आल्या. नवं हिरवं लुगडं, मांडीवर सुईदोऱ्याची पिशवी. चाकं त्यांची त्यांनीच फिरवली. खलनायकाचे हात आपोआप पुढे झाले आणि त्यानं ते मागे बांधून घेतले.

मधोमध येऊन त्यांनी खुर्ची प्रेक्षागृहाकडे वळवली. मी नारळ घेऊन उभा होतो. सगळे वाट बघत होते, त्या आता वाकतील, फळ्यांना हात लावतील. मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं. करा नमस्कार."

"नमस्कार लई केला, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता जरा बसू द्या."

आणि त्या बसल्या. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत, हात चाकांवर ठेवून. बाहेर लोक दार वाजवत होते, वेळ टळून गेली होती. नारळ फोडून घंटा दिली की दार उघडतं, आणि ते काम माझं. मी घंटा दिली नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हाच दिली.