फोल्डर हलवल्याने डिस्क भरत नाही

“कुणी केलं हे?” डॉक्टरसाहेबांनी विचारलं. मी सुनीताकडे पाहिलं. बोट दाखवायची गरज पडली नाही.

जिंतूरच्या एका खाजगी एक्स-रे सेंटरचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. सुनीता तिथली ऑपरेटर, चारठाण्याहून एसटीने यायची. नवरा दर हंगामात ऊसतोडीला जायचा. तिचा पगार होता म्हणून ती आणि मुलगा मागे राहायचे, मुलाची शाळा चालू राहायची.

त्या सकाळी मेन कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. बॅकअप उघडला, तर तो कित्येक दिवस बंद. बॅकअपची डिस्क भरली होती. तसे मेसेज मला येत होते, मी उघडले नव्हते. मधले सगळे एक्स-रे गेले. येलदरीपर्यंतच्या पेशंटना पुन्हा बोलवायची वेळ आली.

“हिने फोल्डर गावाप्रमाणे लावले,” मी म्हणालो. “फोल्डर हलला की बॅकअप सगळं नव्याने साठवतो. डबल झालं.”

“काका, मी नुसतं इकडचं तिकडं केलं. एकबी फाईल वाढवली न्हाई,” सुनीता म्हणाली.

“कॉम्प्युटरला इकडचं तिकडं कळत नाही, बाई.”

साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जागा करायला मी बॅकअपमधले जुने स्नॅपशॉट डिलीट केले. हे मी नेहमीच करायचो. तरी रिकामी जागा होती तेवढीच राहिली. तेव्हा पहिल्यांदा सॉफ्टवेअरची माहिती नीट वाचली. ते प्रत्येक फाईलचे तुकडे करतं आणि एकसारखा तुकडा एकदाच ठेवतं. याला डिडुप्लिकेशन म्हणतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या दिवशी कुठला तुकडा कुठल्या फोल्डरमध्ये होता, याची फक्त यादी. फोल्डर हलला की यादी नवी होते, तुकडे तेच राहतात. जुन्या यादीत तो फोल्डर जुन्याच जागी दिसतो. दुकानाची पाटी बदलली म्हणून गोदामातला माल डबल होत नाही, तसंच.

यादी डिलीट केली तरी तुकडे पडून राहतात. ते काढायला साफसफाईची वेगळी कमांड असते. ती मी कधीच चालवली नव्हती. चालवली. निम्मी डिस्क रिकामी झाली.

खात्रीसाठी रिस्टोअर केलेले फोल्डर मी स्वतः हलवून बॅकअप घेतला. वापरलेली जागा वाढली नाही म्हटलं तरी चालेल.

साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. आत पेशंट होता. पेशंट गेल्यावरही मी आत गेलो नाही.

त्या हंगामात सुनीता ऊसतोडीला गेली. मुलगाही गेला.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर, यंदा मी चारठाण्याला तिच्या घरी गेलो. ती तूर पाखडत होती. सगळं सांगितलं.

“म्हंजे माझं काहीच चुकलं नव्हतं?”

“नाही.”

“तुमाला कधी कळलं?”

“दुसऱ्याच दिवशी.”

तिने सूप खाली ठेवलं. “पोराचं एक साल बुडालं, काका. तेवढं काढून द्या की तुमच्या बॅकअपमधून.”

“ते नाही निघत,” मी म्हणालो.

“मग साहेबांसमोर बोला. समद्या स्टाफला बोलवा. मी बी येते.”

ती आली. मी बोललो. स्टाफमध्ये तिला ओळखणारी एकच नर्स उरली होती. साहेब म्हणाले, “एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं ना.”

फोल्डर हलवल्याने डिस्क भरत नाही. वाक्य काही फार लांब नाही.