ओढ्याचं पाणी कोणी नेलं

माझ्या नवऱ्याला जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत पंप चालवायचं काम मिळालं, कंत्राटी, म्हणून आम्ही मुखेड सोडलं. मुदखेडहून रेल्वेनं किनवट, आणि तिथून कितीतरी पुढं, पैनगंगेच्या खोऱ्यातलं एक डोंगराळ गाव. भाड्याच्या घरामागं ओढा, ओढ्याकाठी विहीर, अगदी काठोकाठ भरलेली. पाणी जपून वापरण्यात वाढलेली मी. मला वाटलं, नशीब उघडलं.

तिसऱ्या वर्षी पोहऱ्याला दोर पुरेना. पाऊस चांगला झाला होता, तरी होळीच्या आतच ओढ्यात नुसते गोटे उरले.

त्याच सुमाराला मी विहिरीवर गेले की बायका बोलायच्या थांबायला लागल्या. शेजारी एक मावशी राहायची. एकटी शेत करायची. आम्ही आलो त्या दिवशी पहिला चहा तिनंच पाजला होता. एका सकाळी तिनंही माझ्याजवळची आपली कळशी उचलून पलीकडं ठेवली.

"तुमी आल्यापासून पानी खाली जाऊन राह्यलं, बाई," ती म्हणाली.

माझे कान तापले. आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणी पाणवठ्यावर काय काय झालं होतं, ते तिच्या तोंडून मी ऐकलेलं. म्हटलं, हे इथंही आलंच. मग मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. कुणी न बोलता दारावरून गेलं, की मनात त्याची जात आणि माझी जात.

"आपण घर बदलू," मी जेवताना नवऱ्याला म्हटलं. कारणही सांगितलं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "जातीचं मला ठाव न्हाई. पण पाण्याचं ती खोटं बोलली न्हाई."

"म्हणजे?"

"कोळसा काढताना खाली छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. आता ते खांबबी काढून राहिलेत. खांब गेला की छत बसतं, वरच्या खडकाला भेगा पडतात. गावचं पाणी त्या भेगांतून खाली आमच्याकडं उतरून राहिलंय. आधी एक पंप होता, आता तीन हायेत. उन्हाळ्यातबी थांबत न्हाईत."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दीड वरीस झालं."

तो मान खाली घालूनच जेवला. दीड वर्ष मी त्याच्यासमोर विहिरीची रड गात होते, आणि हा ऐकून घेत होता. आणखी काय काय पोटात ठेवलं असेल यानं?

सकाळी मी मावशीच्या दारात गेले आणि सरळ विचारलं, "मावशी, कळशी सरकवली ती आमच्या जातीमुळं का?"

"तुया नवऱ्याच्या पंपामुळं. गावात तशा बायाबी हायेत, खोटं कशाला सांगू? पन मी त्यातली नाही."

पंपाचं पाणी बाहेर कुठं पडतं ते पाहायला मी तिला घेऊन कोरड्या ओढ्यातून खाली चालत निघाले. टेकडीला वळसा घातला आणि पाण्याचा आवाज आला. खाणीच्या जाड पाइपातून पाणी धो धो ओढ्यात पडत होतं. वर ठणठणीत कोरडा असलेला ओढा तिथून पुढं दुथडी भरून चालला होता. पाणी कोमट. गोट्यांवर गंजासारखा तांबूस थर.

मावशीनं ओंजळीत घेतलं, वास घेतला, टाकून दिलं. हात पदराला पुसला. "हे आपलंच व्हय का?"

"हाव."

ग्रामसभेला खाणीचे साहेब आले. भूजल सगळीकडंच खाली गेलंय, म्हणाले, आणि पाणी तपासल्याचा कागद फिरवला. मी उठले. "मग ओढा खाणीच्या वर कोरडा अन् खाली भरलेला कसा?"

"तुम्ही कोणाच्या घरच्या?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कशाला, ते मला कळलं; नवऱ्याचं काम त्यांच्याच हातात होतं. मी घुटमळले. तेवढ्यात मागून नवरा उभा राहिला. "माझ्या. मी पंपावर हाय. एकाचे तीन पंप झालेत, साहेब." बोलून झाल्यावरही तो बसला नाही.

पुढच्या महिन्यात त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर ठेकेदार बदलला म्हणाले. आम्ही गाव सोडून निघताना मावशी जीपपर्यंत आली. तुरीची डाळ दिली, आणि नवऱ्याला म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं बरं झालं असतं, बापू." त्यानं मान हलवली.

आता आम्ही मुखेडला आहोत. तो मोटारी दुरुस्त करतो. मावशीचा अधूनमधून फोन येतो. खाणीनं गावाला नळ दिला. पंपाचंच पाणी, टाकीत निवळून सोडतात. पिण्याजोगं आहे असा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावलाय.

"तुम्ही पिता का ते?" मी विचारलं.

"बैलाले पाजते," मावशी म्हणाली. "अन् त्याचं पिऊन झालं की मी त्याच्याकडं पाहत बसते."