दुसऱ्या बटणावरचा धागा

मी सेफ्टी-इन्चार्ज कशी झाले, हे मला आजतागायत नीटसं कळलेलं नाही. नोएडात स्टीलची ताटं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी हजेरीचं काम बघायचे. मेट्रो यायच्या खूप आधीची गोष्ट. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून चार्टर्ड बसने जायचं, तसंच परत यायचं. एकदा बोट कापलं म्हणून फर्स्ट-एडची पेटी उघडली, तर आत चहापत्ती आणि साखर! मी तणतणत मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अच्छा, आपको इतनी फिकर है? तो आज से आप ही देखिए." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पिवळं हेल्मेट येऊन पडलं होतं.

पण देखिए म्हणजे देखू तरी काय? कारखान्याच्या एका भिंतीवर 'सुरक्षा पहले' अशी पाटी होती, रंग उडालेली. समोरच्या भिंतीवर फळा, त्यावर रोज सकाळी ताज्या खडूने त्या दिवशीचं टार्गेट. मी साहेबांना सरळ विचारलं, यातलं आधी कोणतं? ते म्हणाले, "दोनों." बोंबला! आता दोन्ही आधी कसं असणार?

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, मी नक्की करायचं काय?" ते केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांना जराही विचार करावा लागला नाही. "अगं, एक तक्ता कर. रोज बघितलं की टिक कर, खाली सही ठोक. कागदावर असलं की मिटलं." आमच्या कॉलनीत सगळ्यांचाच कागदावर भारी विश्वास होता, माझाही होता. मी पट्टीने रेघा आखून सुंदर तक्ता केला.

मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकवलं पत्रा दाबून ताटाचा आकार देणाऱ्या प्रेसवरच्या चाचांनी. पन्नाशीचे, बुलंदशहरकडचे, कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चूडियाँ उतारके आइए, मॅडमजी." मग त्यांनी दोन बटणं दाखवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस धाडकन खाली येतो, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेरच असतात. मी जवळ वाकले की ते माझं मनगट धरून मागे ओढायचे. माझ्या बोटांची इतकी काळजी माझ्या आईनंतर त्यांनीच केली असेल.

मग विश्वकर्मा पूजा आली. आमच्याकडे खंडेनवमीला आई शिलाई मशीनलासुद्धा हळदकुंकू वाहायची, त्यामुळे मला भारी हौस. सगळ्या मशीनना लाल धागा बांधायचं काम मी मागून घेतलं. चाचांच्या प्रेसला बांधायला जागाच सापडेना, जिथे हात लावावा तिथे ग्रीस. ते म्हणाले, "यहीं बाँध दीजिए," आणि डावं बटण दाखवलं. मी बटणाच्या मानेला तीन वेढे दिले, गाठ मारली, नमस्कार केला. पूजेचा धागा तिथे कोणी सोडत नाही. पुढच्या पूजेपर्यंत तो तसाच राहतो.

दिवाळीच्या तोंडावर फळ्यावरचा आकडा वाढला. आणि त्या बटणावरचे लाल वेढेही वाढले. मला वाटलं, काय भाविक माणूस आहे हो! रोज सकाळी राउंडला गेले की मी त्या धाग्याला बोटं लावायचे, ती कपाळाला लावायचे, आणि तक्त्यावर 'दोन्ही बटणं: ठीक' इथे टिक करायचे. धाग्याखाली लाकडाची चपटी खपली होती. तिने डावं बटण कायमचं दाबून धरलं होतं. म्हणजे चाचा उजव्या हाताने बटण दाबायचे, डाव्याने पत्रा आत सरकवायचे, आणि काम दुप्पट वेगाने उरकायचे. मला खपली दिसली नाही, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगितलं. खरंच दिसली नव्हती का? देवाशप्पथ, मला आता सांगता येत नाही.

एका सकाळी सगळी मशीनं एकदम थांबली. धावत गेले, तर चाचा जमिनीवर बसलेले, डावा हात फडक्यात. दोन बोटं गेली.

त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि साहेबांनी माझ्यापुढे रिपोर्टचा कागद सरकवला. "लिखिए, वर्कर की लापरवाही." तसं लिहिलं असतं तर चाचांना परत कामावर घेतलं नसतं. मला चाचांचाही संताप आला होता. मला शिकवणाऱ्या माणसाने असं करावं? कागद पर्समध्ये कोंबून मी तडक हॉस्पिटल गाठलं आणि खाटेशी उभी राहून फाडफाड बोलले, "चाचाजी, आपने बटन बाँधा क्यों?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. म्हणाले, "मॅडमजी, आप तो रोज हाथ लगाके माथे से लगाती थीं. मैंने समझा, आपने देख लिया है. आप मना करतीं तो उसी दिन खोल देता."

मला रडू फुटलं. रिपोर्ट घरी नेला. नवरा म्हणाला, "स्वतःविरुद्ध कागद करू नकोस, वेडी आहेस का?" मी लिहिलं, बटण बांधलेलं होतं आणि मी रोज ते बघून सही करत होते. सोबत माझे सगळे तक्ते जोडले. साहेब दोन दिवस माझ्यावर ओरडत होते. मग रिपोर्ट 'लापरवाही' या शब्दाशिवायच पुढे गेला, चाचा पॅकिंगला परत आले, आणि सेफ्टी-इन्चार्ज मीच राहिले. का, ते विचारू नका.

पुढच्या वर्षी पूजेला धाग्याचं तबक घेऊन मी त्याच प्रेससमोर थबकले. कुठे बांधू? बांधू की नको? प्रसाद घ्यायला आलेले चाचा शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

"पहले बटन देख लीजिए, मॅडमजी."

मी तबक खाली ठेवलं. डावं बटण दाबलं, सोडलं, ते वर आलं. उजवं दाबलं, सोडलं. पुन्हा डावं. कितीदा केलं कोण जाणे, चाचा थांबून राहिले. मी वळले तेव्हा त्यांच्या डाव्या हातातली प्रसादाची निम्मी बुंदी, जिथे बोटं नव्हती तिथून, खाली सांडली होती.