वाजणारं बटण

खोटं बोलण्यापुरती अक्कल देवाने सगळ्यांना वाटली, त्या दिवशी आमची कळवणवाली रांगेत नसावी. तिला नाव होतं, पण खळ्यावर नावं कोण घेतो? कळवणहून आली म्हणून कळवणवाली. सायखेड्याच्या रस्त्याला एका शेठचं कांद्याचं खळं होतं. तिथे आम्ही पंचवीस-तीस बाया कांदा निवडायला बसायचो. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे, सडका टोपलीत. मी तिसरी शिकलेली आणि आवाज मोठा, म्हणून शेठने मला मुकादम केलं होतं. सकाळी टेम्पो आला की वस्तीत दारोदार हाक मारून बाया गोळा करायच्या, हे माझं काम. जिच्या दारात हाक पडली, तिला त्या दिवशी काम.

कळवणवालीच्या पोटात काही राहत नसे. एकदा बाहेरगावचा व्यापारी माल बघायला आला. शेठ ढिगावरचा कांदा चेंडूसारखा झेलून दाखवत होते. ही ढिगामागून म्हणाली, "दादा, वरचा काय बघता, तो दाखवायचाच हाय. खालून काढा." शेठचं तोंड कांद्यासारखं लाल झालं. पण व्यापारी इतका खूश झाला की पुढे वर्षानुवर्षं तो तिला विचारूनच माल उचलायचा, आणि तो आला की शेठ स्वतःच तिला पुढे बोलवायला लागले. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी हिला मदतीला घेतलं, ही माझीच चूक. पाहुणीने पोह्यांचं कौतुक केलं. "पोहे मी केले," ही म्हणाली. "पोरीला येत नाय. पण पोरगी मनाने लय चांगली हाय." आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. लग्न जमलं. या घरात एक तरी माणूस खरं बोलतंय असं वाटलं म्हणून होकार दिला, असं भाचीच्या सासूने मागाहून सांगितलं. कळवणवालीवर रागावता येत नसे, कारण ती स्वतःलाही सोडत नसे. उशीर झाला की बाकीच्या बाया पोटदुखी सांगायच्या, ही सांगायची, "झोपले व्हते."

मग कागदावरचे शिक्के जाऊन मतदानाला मशीन आलं. त्या निवडणुकीत शेठचे व्याही उभे होते. शेठ वाईट नव्हते. दिवाळीला साडी द्यायचे, बाई आजारी पडली तर रिक्षा करून द्यायचे. त्यांनी मिठाईच्या खोक्यावर दारावरच्या घंटीची चार बटणं बसवली आणि मला म्हणाले, "मुकादमबाई, बायांना मशीन शिकवा. बिचाऱ्यांना कळत नाही." चारांतलं दुसरंच बटण वाजायचं. दुसरा नंबर व्याह्यांचा. मी खोकं मांडीवर घेऊन एकेकीला बसवलं आणि सांगितलं, "घंटी वाजते तेच मत पोचतं. बाकीची वाया जातात." हे खोटं आहे हे मला माहीत होतं. सांगताना मी अडखळलेही नाही. बाया शहाण्यासारख्या दुसरं दाबून उठल्या. कळवणवालीने चारही दाबली, खोकं हलवून पाहिलं, खालून वाकून पाहिलं आणि ओरडली, "शेठ, तीन बटणं मेली हायत! वायरमन बोलवा!"

मतदानाच्या दिवशी शेठने टेम्पो दिला, जिलेबी ठेवली. परत आलो तर खळ्याच्या दारात उभं राहून ते एकेकीला विचारत होते, "वाजली का घंटी?" बाया म्हणत होत्या, "वाजली, दुसऱ्याची." माझी पाळी आली. मी चौथं दाबून आले होते. चौथ्या नंबरच्या माणसाने आमच्या वस्तीत नळ आणला होता आणि तो नळ माझ्याच दारासमोर होता. "दुसरं," मी म्हणाले. माझ्यामागे कळवणवाली.

"शेठ, ते मशीन तुमच्यापेक्षा चांगलं हाय! मी चौथं दाबलं तरी केवढ्यानं वाजलं!"

"चौथं का दाबलं, मावशी?"

"नळ त्यानंच आणला ना. तुमचे व्याही कवा आले आमच्याकडं?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेठही हसले, तिला एक जिलेबी जास्त दिली. मी घरी जायला टेम्पोत चढत होते तेव्हा शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्यापासून त्या बाईला हाक मारू नका."

"बरं," मी म्हणाले. का म्हणून विचारलं नाही. मला माहीत होतं. शिवाय मीही चौथंच दाबलं हे त्यांना कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

तिचं दार वस्तीत तिसरं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या दारात हाक मारली, दुसऱ्या दारात मारली, आणि एकदम चौथ्या दारात गेले. ती भाकरीचं फडकं घेऊन उंबऱ्यात उभी होती. "आक्का, माझी हाक राहिली."

"टेम्पो भरला," मी म्हणाले. टेम्पोत चार बाया होत्या. तिने टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला दिसेल ते ती बोलायची, म्हणून मी वाट बघत राहिले. ती काही बोलली नाही. तिला गप्प झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

महिन्याभरात तिने वस्ती सोडली. पुढे चार-पाच वर्षांनी देवळाली कॅम्पच्या बाजारात एका भाजीवालीचा आवाज ऐकला. फौजीच्या बायकोला ती सांगत होती, "ताई, मेथी कालची हाय. पालक घ्या." तिथूनच मागे फिरावं असं मनात आलं. पण तिने मला पाहिलं होतं.

"सूनबाई, ही बघ, आमची मुकादम!" ती शेजारच्या पोरीला ओरडून म्हणाली. "हिनंच मला कामावरून बंद केलं. समोरून चहा सांग हिला, साखर जास्त टाकायला लाव."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता येतच नाही. मला गोणपाटावर बसवून तिने सगळ्या बायांची चौकशी केली. मग चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "आक्का, एक विचारायचं राहिलं. तवा तू कोणतं दाबलं व्हतं?"

आता ना खळं होतं, ना शेठ. भ्यायला कारण नव्हतं.

"दुसरं," मी म्हणाले.

"हां," तिने मान हलवली. तिला ते खरंच वाटलं. मग बशी माझ्या हातात देऊन म्हणाली, "फुंकून पी. गरम हाय."