शंभर वेळा पास झालेली टेस्ट

माझं तोंड वाईट आहे. लालबागच्या चाळीत वाढलेल्या पोरीचं असायचंच, असं मी पूर्वी कौतुकानं सांगायचे. आता सांगत नाही. त्या तोंडापायी एका मुलीची नोकरी गेली, आणि ती मुलगी बरोबर होती.

आमच्या घरात 'पर्मनंट' या शब्दाला देवाच्या खालोखाल मान. बाबा कित्येक वर्षं गिरणीत बदली कामगार होते. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाची दांडी असली तर आत, नाहीतर घरी परत. संपाच्या आदल्याच वर्षी ते पर्मनंट झाले. आईनं चाळभर पेढे वाटले. मग संप झाला, आणि बाबांसाठी ते गेट पुन्हा काही उघडलं नाही. म्हणजे नोकरी दारावर अडून राहणं काय असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी केलं ते केलंच.

मी परळच्या एका कंपनीत प्रोग्रामर होते. कॉम्प्युटरच्या डिस्कवर फाइली नीट ठेवणारा प्रोग्राम आम्ही लिहायचो. त्यात जर्नल नावाची गोष्ट असते. फाइलीत काही बदलायच्या आधी, काय बदलणार आहोत ते जर्नलमध्ये टिपून ठेवायचं. मध्येच वीज गेली तर त्या टिपणावरून सगळं सावरता येतं. जर्नलची जागा मात्र मोजकी. ती संपली की परत पहिल्यापासून, जुन्या टिपणांवरच लिहायला घ्यायचं; याला आम्ही 'जर्नल फिरलं' म्हणायचो. नेमकं त्या वळणावर वीज गेली तर काय होतं, हे तपासणारी टेस्ट माझी होती. जर्नल फिरेल इतक्या ठरावीक फाइली लिहायच्या, मग वीज गेल्यासारखं सगळं बंद पाडायचं, आणि फाइली शाबूत आहेत का बघायचं.

टेस्ट कधी पास व्हायची, कधी नापास. त्याच सुमारास वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी आमच्याकडे टेस्टर म्हणून आली. सहा महिन्यांचा करार. ते संपले की साहेब ठरवणार, कायम करायचं की नारळ द्यायचा. तिच्या गल्लीत ऑफिसात नोकरी करणारी ती पहिलीच, म्हणून घरातले सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसलेले.

तिनं सरळ लेखी कळवलं, की टेस्ट ठीक आहे, प्रोग्राममध्येच चूक आहे. प्रोग्रामचा तो भागही माझाच. मी सगळ्यांसमोर उखडले. "अगं, कालची आलेली तू, मला शिकवतेस? टेस्ट लहरी आहे, बाकी काही नाही." साहेब म्हणाले, "मग टेस्ट भरवशाची कर, म्हणजे वाद मिटला."

मी केली. माझा अंदाज असा, की जर्नलला जागा कमी पडते म्हणून टेस्ट गडबडते. म्हणून जर्नल चौपट मोठं केलं. शंभर वेळा चालवली, शंभर वेळा पास. साहेब खूश, मी तर हवेतच. ती मुलगी हळूच माझ्या टेबलापाशी आली. "ताई, पास तर होते. पण जर्नल आता फिरतं का?"

मी मान वर न करता म्हटलं, "आगाऊपणा नको, तुझं काम कर."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला विचारलं, ही उगाच बोंब मारते का गं? मी म्हटलं, "हुशार आहे, पण घाई करते." एवढंच बोलले. तिला नारळ मिळाला. जाताना ती "येते ताई" म्हणाली आणि मी म्हटलं, "मिळेल गं दुसरी."

चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाकडे वीज गेली आणि फाइली अर्धवट निघाल्या. तेव्हा मी टेस्टमध्ये एक ओळ घातली: जर्नल किती वेळा फिरलं ते दाखव. उत्तर आलं, शून्य. जर्नल चौपट केलं होतं, पण फाइली तेवढ्याच लिहीत होते. शेवटापर्यंत पोचणार कसं? गळक्या नळाखाली बादलीऐवजी पिंप ठेवायचं आणि लादी कोरडी म्हणून नळ दुरुस्त झाला म्हणायचं, त्यातली गत. मग टेस्ट खरी नीट केली. जर्नल फिरल्याचं दिसेपर्यंत लिहीतच राहायचं, न फिरलं तर नापास. आता ती दर वेळी नापास व्हायला लागली. पोरगी म्हणत होती तीच चूक, तिथेच. मी ती सुधारली आणि मीटिंगमध्ये साहेबांनी माझंच कौतुक केलं. मी मूग गिळून बसले.

घरी बाबांना सांगितलं. त्यांना जर्नल कळलं नाही, बाकी सगळं कळलं. "मगे त्या चेडवाक परत घेतल्यानी काय?" मी म्हटलं, त्या पोरीला नाही घेतलं परत. "चूक तुझी, ह्या सायबाक सांगलंस?" मी पाणी आणायला उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी मी कोळीवाड्यात गेले. आईबरोबर ती दादरच्या बाजारात मासे घेऊन बसायला लागली होती. ऑफिसं शोधत नव्हती असं नाही. "दोन ठिकाणी विचारलं, आधीच्यांनी कायम का नाही केलं म्हणून. काय सांगणार?" मी तिला सगळं सांगितलं, शून्यापासून कौतुकापर्यंत.

"मला माहीत होतं ताई," ती म्हणाली. आणि लगेच विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"

"उद्या सांगते. देवाशपथ."

ती म्हणाली, "राहू दे. तुमचं पण घर आहे."

हे ऐकून मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

सोमवारी सकाळी सगळं मनात जुळवून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "बोल, काय काम काढलंस?"

मी म्हटलं, "सर, शुक्रवारी रजा हवी होती."