सदरा काढा, काका

चारचौघांत माणसाची वाचा घालवायची विद्या माझ्या बायकोच्या नर्स मैत्रिणीइतकी कुणालाच साधलेली नाही. तांड्यावर वाढलेली, नर्स झाली ती पोरीबाळींच्या डोळ्यांत डोकावायची खोड घेऊनच. आमच्या लग्नात लोक आहेर घेऊन रांगेत उभे असताना ही बाई स्टेजवर चढली आणि नवरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघू लागली. मग माईकजवळच म्हणाली, "दाजी, रक्त कमी हाय हिला. साडीचोळी राहू द्या, पालेभाजी खाऊ घाला." वऱ्हाडी हातातला लाडू हातातच धरून राहिले. माझे वडील देवळाचे पुजारी. ते तर उठूनच गेले. एकदा हिंगोलीहून वाशीमला जाताना तिनं कनेरगाव नाक्यावर एसटी अडवून धरली. मागच्या बाकावर एक ओली बाळंतीण लेकराला पाजत होती आणि गचक्यांनी लेकराचं तोंड सुटत होतं, एवढंच कारण. कंडक्टर ओरडला, तर त्यालाच म्हणते, "तुमी जेवायला गाडी थांबवता का न्हाई? मग त्याचं जेवण चालू हाय." कंडक्टरनं घंटीची दोरी सोडून दिली. मी शेजारीच होतो, पण ओळख नसल्यासारखा खिडकीबाहेर बघत बसलो.

खरा हादरा मात्र आमच्या घरी बसला. लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली, अगदी वीतभर. दवाखान्यातून घरी आणल्यावर दोन-तीन दिवस बरे गेले आणि एका सकाळी बायको तापानं फणफणली, लेकीचे पाय गार पडले. मैत्रीण धावत आली, दोघींच्या अंगाला हात लावून बघितला, अॅम्ब्युलन्सला फोन केला आणि घरभर नजर फिरवली. मी सर्दीनं शिंकत होतो, मला तिनं दारातच थोपवलं. उरले वडील. जन्मात कधी बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा न ओलांडलेले, ओसरीवर जप करत बसलेले.

"सदरा काढा, काका."

वडिलांनी सदरा उलट घट्ट धरला.

"लेकराला अंगाची ऊब पायजे. नुसतं कापड न्हाई पुरायचं."

"अगं, सोयर आहे मला! दहा दिवस शिवायचं नसतं."

"सोयर लागलंच हाय ना? मग आता आणखी काय लागायचं राहिलं? बसा."

आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. आणि माझ्या वडिलांनी चक्क सदरा काढला! तिनं टोपडं-लंगोट घातलेली पोर त्यांच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून शाल गुंडाळली. उपरण्याशिवाय दारात न येणारे वडील तसेच गाडीत चढले. बायकोला आडवं केलं होतं, मी पुढं ड्रायव्हरजवळ. वाटभर त्यांनी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. सारखं विचारत होते, "श्वास चालू आहे ना गं?" दर वेळी ती वाकून बघायची. "चालू हाय, काका. हलू नका."

पोर वाचली, बायकोही उठली. पुढं मैत्रिणीची लांब बदली झाली. आता आम्हाला हादरवायला कुणी येत नाही आणि घर उगाच शहाण्यासारखं वाटतं.

पण दवाखान्याच्या दारातली ती सकाळ मला सारखी आठवते. लेकीचे पाय पुन्हा कोमट झाले होते, तरी वडील तिला हातातून सोडायला तयार नव्हते. माझ्याकडे बघत मैत्रिणीला म्हणाले, "याला मी कधी असं धरलं नव्हतं गं."

"आता लई जड झाले दाजी," ती म्हणाली आणि हळूच त्यांच्या छातीवरून पोर उचलली.

मी हसलो. पण खरं सांगतो, त्या वीतभर पोरीचा मला हेवा वाटत होता.