एका अर्जात एकच मागणी

दिनकरदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पलूसच्या तहसील कचेरीसमोर, माझ्या नेहमीच्या टेबलाशी, एका आजींचा रेशनकार्डाचा अर्ज लिहीत होतो. फोन ठेवला आणि अर्जदाराच्या नावापुढे ‘दिनकर’ लिहून बसलो... चाळीस वर्षे अर्ज लिहीत आहे. असा वाया गेलेला तो पहिलाच कागद. आजी म्हणाल्या, “लेकरा, वाच की. माजं नाव शेवंता हाय.”

दिनकरदादा आमच्या शेजारच्या वस्तीवरचे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मी नववीतून लेखणीकडे वळलो. ते साताऱ्यात अधिव्याख्याता झाले, पुढे सांगलीच्या महाविद्यालयात आले. विषय ऑपरेशन्स रिसर्च. म्हणजे हाताशी असलेल्या माणसांत, वेळेत आणि साधनांत काम उत्तम कसे उरकावे याचे गणित. गळिताच्या हंगामात ते साखर कारखान्याच्या आवारात घड्याळ घेऊन उभे राहत आणि कोणता ट्रॅक्टर किती ताटकळला ते टिपत. चालक त्यांना कारखान्याचा कारकून समजून शिव्या देत. दादा त्याही वेळेसह टिपत असावेत. सुट्टीत माझ्याजवळ बसून ते कचेरीची रांग न्याहाळत.

“बापू, चौकशीवाले आणि अर्जवाले एकाच रांगेत. वेगळे कर, निम्मी रांग हटेल.”

“दादा, रांग हटली तर माझ्याकडं कोण थांबंल?”

निवृत्तीला दोन वर्षे उरली असता पेच पडला. विद्यार्थी घटले म्हणून महाविद्यालयाने तो विषयच बंद करायचे योजले. त्यातच दादांची बढती अडलेली. आम्ही त्यांना प्राध्यापक म्हणत असलो तरी हुद्द्याने ते सहयोगी प्राध्यापकच होते. दोन्ही गाऱ्हाणी एका कागदावर मांडून ते माझ्याकडे आले. मी माझ्या व्यवसायाचा नियम ऐकवला : एका अर्जात एकच मागणी, दोन असल्या की साहेब एकीचे निमित्त करून दुसरीही लांबवतात. दादा माझ्याकडे पाहतच राहिले.

“अरे, हेच मी वर्गात सांगतो. साधायचं ते एकच ठरवा, बाकी सगळ्या अटी.”

मग त्यांनी पेन मागून घेतले आणि बढतीची ओळ शांतपणे खोडली.

अर्ज मी जीव ओतून लिहिला. विषय टिकला. दादा मात्र सहयोगी म्हणूनच निवृत्त झाले... दुसऱ्या मागणीसाठी वेगळा अर्ज करता येतो, हे मी रोज दहा जणांना सांगतो. दादांना सांगायचे सुचले नाही.

तेराव्यानंतर सांगलीला जाऊन वहिनींपुढे हे कबूल केले. वहिनी कवठे महांकाळच्या, बोलणे सरळ.

“आवं भावजी, येवढं शिकल्यालं मानूस. दुसरा कागद असतोय ह्ये त्यास्नी ठावं नव्हतं व्हय? मी लय मागं लागले हुते. तर म्हनले, बापूनं पयला झकास लिवलाय. दुसरा गेला की सायेब पयला इसरंल.”

चहा निवून गेला.

परवा त्या महाविद्यालयात गेलो. भिंतीवरच्या वेळापत्रकात दादांचा विषय गुरुवारी दुसऱ्या तासाला होता. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. दादांचे नाव सांगताच त्यांनी मला मागच्या बाकावर बसवून घेतले. अकरा मुले-मुली माना खाली घालून उतरवून घेत होती. फळा आकड्यांनी भरत गेला. मला त्यातले काहीएक उमगले नाही. पण घंटा होईपर्यंत मी जागचा हललो नाही.